दोन तासांवरची लुमिंग

हाँगकाँगहून मनिलाला विमानानं दोन तास लागतात. अंतर अकराशे किलोमीटरांच्या थोडं वर. हे आकडे मी स्वतः कितीतरी नव्या पोरींकडून घोकून घेतलेत, तेव्हा त्यांच्या नावानं बोटं मोडायचा पहिला हक्क माझा. आकडे खरेच आहेत. विमान वर गेलं की एक पाव आणि कॉफी हातात येते, ती संपते न संपते तोवर खाली मनिलाचे पत्रे दिसायला लागतात. पण विमानातून उतरणाऱ्या बाईचं घर विमानतळावर नसतं, एवढी साधी गोष्ट त्या आकड्यांत कुठे लिहिलेली नसते. आम्हीही ती कधी कुणाला सांगितली नाही.

मी बिसिंग. अठरा वर्षं हाँगकाँगमध्ये लोकांच्या फरश्या पुसल्या, लोकांची मुलं वाढवली, लोकांचे आईबाप आंघोळीला घातले. गुडघे गेले तेव्हा कंत्राट संपवून आब्रा प्रांतात, आमच्या सान रोके गावी परत आले. आमच्या गावात असं घर नाही, ज्यातली एक तरी पोर हाँगकाँग, तैपेई नाहीतर सिंगापूरला नाही. आणि निघताना नदीकाठी, तराफ्यावर पाय ठेवता ठेवता, प्रत्येकीनं आपल्या आईला तेच सांगितलेलं आहे. "रडू नकोस गं, नानांग. दोन तासांवर तर आहे. तू बांगेदच्या बाजारात कांदे विकून येतेस, त्याला याहून जास्त वेळ लागतो." आई नाक पुसायची, मान हलवायची. आम्हाला वाटायचं, समजूत पटली. एकीनं सांगितलं ते दुसरीनं उचललं, दुसरीचं तिसरीनं, आणि बघता बघता अख्ख्या गावाची पोरं गावापासून दोन तासांवर येऊन बसली.

ज्या बाईबद्दल मी सांगणार आहे ती लुमिंग. पूर्ण नाव इलुमिनादा, पण त्या नावानं तिला फक्त इमिग्रेशनवाले हाक मारायचे. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला मनांग, म्हणजे ताई, म्हणायची. एकोणतिसाव्या वर्षी ती गेली आणि बावीस वर्षं तिथे राहिली. बावीस वर्षांत घरी आली नऊ वेळा. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "पाच पोरं वाढवली, पाचही दुसऱ्यांची. आता नवरा केला आणि तोही दुसरीचाच निघाला तर?"

तिच्या अंगात लहानपणापासून एक आडमुठेपणा होता. आमच्या कामात बायका मूग गिळून बसायला शिकतात, त्याशिवाय दिवस जात नाहीत. ही शिकली नाही. पहिल्या घरच्या बाईनं तिचा पासपोर्ट कपाटात कुलूप लावून ठेवला, "हरवेल गं तुझ्याकडून" म्हणत. लुमिंग दुसऱ्या दिवशी हात पुढे करून उभी राहिली. "मॅडम, तुमचाही द्या. दोन्ही एकत्र ठेवू. तुमचा मी सांभाळते, माझा तुम्ही सांभाळा." त्या बाईनं पासपोर्ट परत दिला आणि वर्षभरात लुमिंगलाही एजन्सीला परत दिलं. दुसऱ्या एका इमारतीत कामवाल्यांनी सामानाची लिफ्ट वापरायची असा नियम होता. लुमिंग रोज म्हातारीची व्हीलचेअर घेऊन साहेबलोकांच्या लिफ्टमध्ये शिरायची. रखवालदार अडवायला आला की म्हणायची, "खुर्ची या लिफ्टनं जाऊ दे, मी सामानाच्या लिफ्टनं येते. तू ढकलतोस का?" रखवालदार आपला बाजूला व्हायचा.

शेवटची आठ वर्षं ती लाउ नावाच्या कुटुंबात होती. मॅडम लाउ बँकेत, नवरा सतत दौऱ्यावर. घरात मॅडमची म्हातारी आई, तिला सगळे पोपो म्हणत, आणि सहा वर्षांचा का-हो. का-होला लुमिंगनं पहिल्या दिवसापासून वाढवलेलं. घर बरं होतं, असं लुमिंगच सांगायची. तिला स्वतःची खोली होती, तिच्या खोलीत इस्त्रीचं टेबलही होतं, पण खोली होती.

मार्चमधल्या एका बुधवारी सकाळी तिचा बाप गेला. तातांग सेवेरो, वय एक्क्याऐंशी. न्याहारीला बसले आणि तसेच कलंडले. गावात मोबाइलला रेंज मिळते ती फक्त चर्चपाशी, चिंचेखाली. तिथे जाऊन मीच लुमिंगला फोन केला. तिनं ते मला दोनदा सांगायला लावलं. मग विचारलं, "नानांग कशी आहे?"

"तिनं ओंडका पेटवायला लावलाय."

आमच्यात प्रेत घरात असेतोवर दारात एक ओंडका जळत ठेवतात. तो विझू द्यायचा नाही, घरात झाडू लावायचा नाही, आणि परदेशी गेलेलं लेकरू येईपर्यंत मातीही द्यायची नाही. बांगेदहून माणूस येतो, प्रेताला औषध घालतो आणि आठवडाभराची हमी देऊन जातो. तेवढ्या दिवसांत पोरगं येतं. आठवडा फार झाला.

"येते म्हणून सांग," लुमिंग म्हणाली.

मी त्यांच्या घरी जाऊन लुमिंगच्या आईला, नानांग बासिलियाला निरोप दिला. ती शवपेटीच्या उशाशी लाकडी खुर्चीवर बसली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, मूठभर देहाची बाई. अंगणात माणसं जमली होती, बाया कॉफी वाटत होत्या, पुरुषांनी पत्ते काढले होते. नानांग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "लुमिंग निघतेय. दोन तास लागतात तिला." हे दोन तास तिच्या डोक्यात भरवणाऱ्यांत मीही होते.

गुरुवारी सकाळी लोकांनी विचारलं. नानांग म्हणाली, "निघाली असेल. दोन तासांचं तर काम." शुक्रवारीही तेच. शनिवारी लुमिंगचा धाकटा भाऊ आर्सेनियो मला बाजूला घेऊन म्हणाला, "बिसिंग, खरं काय ते सांग. ती येणार आहे का? मी दुसरा डुक्कर कापला. बसलेल्या माणसांना रोज जेवू घालायला लागतं. आणि उद्या तातांगला वास सुटला तर लोक मला नावं ठेवतील, हाँगकाँगला नाही ठेवणार."

आर्सेनियोचा राग मला समजत होता. बावीस वर्षं बापाला त्यानंच उठवलं-बसवलं होतं. पण मी त्याला काय सांगणार? लुमिंग रोज चिंचेखालच्या माझ्या फोनवर येत होती आणि रोज तेच सांगत होती. मॅडम म्हणते बघू. मॅडम म्हणते या आठवड्यात नको. का-होचा चांगल्या शाळेत इंटरव्ह्यू आहे, पुढच्या शनिवारी. लुमिंग नसली तर तो पोरगा अनोळखी माणसापुढे तोंड उघडत नाही, म्हणून लुमिंगनं बाहेरच्या खोलीत थांबायचं, दार किलकिलं ठेवून. तो झाला की जा म्हणते.

पहिला रविवार गेला. सोमवारी औषधवाल्याला पुन्हा आणला, त्यानं नाक मुरडत आणखी थोडं औषध घातलं आणि हमी मात्र दिली नाही. मंगळवारी आमचा कापितान, म्हणजे गावचा मुखिया, देमेत्रिओ अंगणात उभा राहून म्हणाला, "शुक्रवारी पाद्री नदीच्या अलीकडे येतायत. दहा वाजता माती द्यायची. लुमिंग आली तर उत्तम."

"येईल की," नानांग म्हणाली. "दोन तासांवर आहे."

मी बुधवारी हे लुमिंगला सांगितलं तेव्हा ती शांत होती. तिचा आवाज शांत झाला की मला धास्ती वाटायची.

"बिसिंग, मी आता मॅडमशी बोलणारेय. फोन चालू ठेवून अॅप्रनच्या खिशात टाकते. तू कापू नकोस, ऐकत राहा. उद्या म्हणाली मी शिव्या दिल्या, तर तू साक्षीला."

"देणारेस का?"

"वेळ आली तर आपल्या भाषेत देईन. तिला कळणार नाही."

मग मी चिंचेखाली, कानाला फोन लावून, अकराशे किलोमीटरांवरचं स्वयंपाकघर ऐकत बसले. नळ बंद झाला. खुर्ची सरकली. मॅडमचा आवाज आला, थकलेला, वाईट नव्हे. वाईट बाई नव्हतीच ती, तेच जास्त त्रासाचं होतं.

"लुमिंग, मी तुझा विचार केलाय हं. हे बघ, फोनवर काढलंय. हाँगकाँग ते मनिला, एक हजार एकशे काहीतरी किलोमीटर. दोन तास. शुक्रवारी पहाटेच्या विमानानं जा. चार-पाच तास घरच्यांबरोबर बस, सगळं नीट कर, आणि रात्रीच्या विमानानं ये. शनिवारी का-होचा इंटरव्ह्यूही होईल आणि तुझंही होईल."

"मॅडम, त्याच फोनला विचारा, मनिलाहून सान रोकेला किती वेळ लागतो."

स्क्रीनवर नखांची टकटक ऐकू आली.

"दाखवत नाही," मॅडम म्हणाली.

"नाही दाखवणार. मी दाखवते. इथून विमानतळावर जायला दीड तास, तिथे तीन तास आधी हजर. ते दोन तास तुमचे, तुमच्या फोनवरचे. मग मनिलाच्या गर्दीतून बसच्या अड्ड्यावर तीन तास. मग दहा तास बस, बांगेदपर्यंत. पहाटे उतरायचं आणि प्रवासी जीप भरायची वाट बघायची. ती भरल्याशिवाय निघत नाही, मग कुणाचा बाप मेलेला असो नाहीतर जिवंत असो. मग तीन तास डोंगर. मग नदी, तराफा पलीकडे असेल तर हाका मारायच्या. मग पाऊण तास चालायचं. आणि परत येताना आमच्या सरकारचा कागद लागतो, नाहीतर विमानात चढू देत नाहीत. त्या रांगेत एक अख्खा दिवस. आता तुम्ही सांगा, चार तास बसू कुठे? बसमध्ये?"

"हे मला तू आधी का नाही सांगितलंस? आठ वर्षांत एकदाही?"

"कारण आम्हीही दोन तासच सांगतो, मॅडम. सगळ्यांना."

मला तिथे चिंचेखाली तोंडात मारल्यासारखं झालं.

"हे बघ," मॅडम म्हणाली, "वडील गेले, मला वाईट वाटतं. पण ते गेलेत, लुमिंग. तू आज गेलीस काय आणि पुढच्या आठवड्यात गेलीस काय, त्यांना काय फरक पडणार? घरच्यांनी उरकून घ्यावं. तुझ्यासाठी इतके दिवस प्रेत ठेवणं हे काही..."

"काही काय?"

"बरं नाही ते. आरोग्याच्या दृष्टीनं."

मग लुमिंग जे बोलली ते मला शब्दन्‌शब्द पाठ आहे.

"गोंगगोंग गेले तेव्हा मी इथेच होते, मॅडम. तुमचे वडील. तुमचे भाऊ टोरंटोहून येणार म्हणून तुम्ही थांबलात. मग तारीख चांगली नाही म्हणून थांबलात. सव्वीस दिवस ते शवागारात होते. सव्वीस दिवस मी इथे या टेबलावर बसून त्यांच्यासाठी जाळायच्या सोनेरी कागदाच्या लगडी घडवत होते, बोटं कापेपर्यंत. मी एकदा तरी म्हटलं का, उरकून घ्या? टोरंटो किती तासांवर आहे? पंधरा. पंधरा तासांच्या भावासाठी तुम्ही सव्वीस दिवस थांबलात. माझ्या घरचे दोन तासांच्या पोरीसाठी आठ दिवस थांबले, तर ते आरोग्याला वाईट?"

"तो थोरला मुलगा होता, लुमिंग. आमच्यात ते..."

"मीही थोरलीच आहे."

आतल्या खोलीतून पोपोचा आवाज आला. आठ वर्षं लुमिंगच्या हातून जेवणारी म्हातारी. मला वाटलं, आता ही लेकीला म्हणेल, जाऊ दे तिला. पोपो म्हणाली, "आणि माझ्या गोळ्या कोण देणार?"

"वारांप्रमाणे डब्यात लावून ठेवल्यात, पोपो. तुमची लेक देईल. तिला दोन हात आहेत."

मॅडमचा आवाज बदलला. "ठीक आहे. जायचं तर जा. पण मी रजा देत नाहीये, हे लक्षात ठेव. शुक्रवारी रात्री तू या घरात नसलीस, तर शनिवारी सकाळी मी एजन्सीला कळवीन. मग चौदा दिवसांत तुला हाँगकाँग सोडावं लागेल. या वयात दुसरं घर मिळेल का, याचाही विचार कर."

"चौदा दिवस कशाला, मॅडम? मी तर उद्या पहाटेच सोडतेय."

यावर मॅडम काय म्हणाली कुणास ठाऊक, कारण लुमिंगनं खिशातून फोन काढला होता. "ऐकलंस?" तिनं विचारलं. मी म्हटलं, ऐकलं. म्हणाली, "शिवी एकही दिली नाही, लिहून ठेव." आणि फोन ठेवला.

मी घराकडे निघाले तेव्हा ठरवलं, नानांगला आता खरं सांगायचंच. लुमिंग उद्या पहाटे निघणार, म्हणजे पोचणार परवा दुपारच्या सुमारास, आणि कापितान दहाला पेटी उचलणार. म्हातारीला कळायला हवं की तिची पोर दोन तासांवर नव्हती, कधीच नव्हती. मी तिच्या खुर्चीशी खाली बसले.

"नानांग, ते दोन तास आहेत ना, ते म्हणजे..."

"निघाली का?"

"उद्या पहाटे निघतेय. पण नानांग, विमानाचे दोन तास म्हणजे..."

"निघाली ना? मग झालं. जा, ओंडका संपत आलाय, आर्सेनियोला सांग नवा आण."

पुन्हा दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा तिनं मला काहीतरी काम सांगून उठवलं. मला वाटलं, म्हातारीला कमी ऐकू येतं, किंवा ऐकायचंच नाही.

शुक्रवारी नऊला पाद्री आले. दहाला कापितान देमेत्रिओ स्वच्छ शर्ट घालून अंगणात आला, मागे पेटी उचलणारे सहा जण. घरात वास होता. कुणी बोलत नव्हतं, पण बाया रुमाल तोंडाशी धरून होत्या. आर्सेनियोचे डोळे लाल झाले होते, धुरानं आणि रडण्यानं.

"चला, नानांग," कापितान म्हणाला.

नानांगनं खुर्ची सरकवून पेटीला लावली आणि पेटीवर हात ठेवला. "दोन तास थांब."

"नानांग, बुधवारपासून बुधवार गेला, आता शुक्रवार आला. तुमचे दोन तास कधीचेच चाललेत."

पत्ते खेळणारे हसले. कापितानला जोर आला.

"मी स्पष्टच बोलतो, तुम्ही रागावू नका. ती पोरगी तुम्हाला काय वाटेल ते सांगते. हाँगकाँग काही दोन तासांवर..."

आणि तो थांबला. त्याची बायको कॉफीचं तबक घेऊन समोरच उभी होती. त्यांची थोरली तैपेईला आहे, सात वर्षं झाली, आणि तिनंही आईला दोन तासच सांगितलेत. शेजारी जी बाई उभी होती तिच्या दोन मुली सिंगापूरला. तिच्यामागे आणखी एक, तिची सून कुवेतला. अंगणातल्या सगळ्या आया त्याच्याकडे बघत होत्या. दोन तास खोटे म्हणायचे, तर ते एकट्या नानांगचे खोटे ठरणार नव्हते. कापितानच्या बायकोनं तबक खाली ठेवलं आणि हात पुसत उभी राहिली, तो वाक्य पुरं करतोय का ते बघत.

त्यानं वाक्य गिळलं. "बारापर्यंत," तो म्हणाला. "बारापर्यंत थांबतो. पाद्रींनाही नदी ओलांडायचीय."

मी नदीच्या वाटेला लागले. माझे गुडघे असे की मी निम्म्यापर्यंतही गेले नसते, पण तशी वेळच आली नाही. चर्चच्या वळणावर ती समोरून आली. बूट हातात, पँट गुडघ्यापर्यंत ओली, पाठीवर एक पिशवी. बावीस वर्षांत पहिल्यांदा घरच्यांसाठी भेटवस्तूंचं खोकं न घेता आली होती. चेहरा राखेच्या रंगाचा. मला बघून थांबली नाही, फक्त विचारलं, "पेटी आहे ना अजून?"

"आहे. चल."

बाराला वीस मिनिटं कमी होती. अंगणातल्या माणसांनी वाट दिली. लुमिंग आत गेली, पेटीच्या काचेवर दोन्ही हात टेकले आणि आमच्याकडे बाया मेलेल्या माणसाशी बोलतात तसं, लांब आवाज काढून, बापाशी बोलायला लागली. तातांग, तुमची थोरली आली. तातांग, उशीर झाला. तातांग, तुम्ही न्याहारीला बसलात तेव्हा मी दुसऱ्याच्या पोराला पेज भरवत होते. अंगणात एकही बाई कोरड्या डोळ्यांची राहिली नाही, आणि मी तर रडायला आडोसाही शोधला नाही. आर्सेनियो दाराच्या चौकटीला धरून उभा होता. तिचं संपल्यावर तो म्हणाला, "आलीस. बरं झालं." बस्स, एवढंच. पण तो तिच्या शेजारी जाऊन बसला.

मग लुमिंग नानांगच्या पायाशी आली आणि तिच्या मांडीवर डोकं टेकलं. "नानांग, मी तुझ्याशी खोटं बोलले. बावीस वर्षं खोटं बोलले. ते दोन तासांवर नाहीये. काल पहाटे चारला निघाले, आत्ता पोचतेय. बत्तीस तास लागतात गं."

नानांगनं तिच्या ओल्या केसांतून हात फिरवला.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

लुमिंगनं डोकं वर केलं.

"पहिल्या वेळी तुला मनिलाला सोडायला तुझा बाप आला होता ना? गेला तो चौथ्या दिवशी परत आला, पाय सुजवून. ते पाय मी चोळले. तेवढं कळायला काही शाळा लागत नाही."

"मग नानांग," मी मध्येच बोलले, मला राहवेना, "इतके दिवस तुम्ही सगळ्यांना दोन तास, दोन तास..."

"दहा दिवस थांबा म्हटलं असतं तर कोण थांबलं असतं? तो देमेत्रिओ थांबला असता? हा माझा स्वतःचा पोरगा थांबला असता?" आर्सेनियोनं मान खाली घातली. "दोन तास म्हटलं की कुणीही थांबतं. म्हणून मी रोज दोन तास मागून घेतले."

"आणि मला? मला बावीस वर्षांत एकदाही बोलली नाहीस," लुमिंग म्हणाली.

"तुला ते सांगून बरं वाटायचं. मी ऐकून घ्यायचे." मग ती खुर्चीचे हात धरून उठली, दहा दिवसांत पहिल्यांदाच कुणाच्याही सांगण्याशिवाय, आणि कापितानला म्हणाली, "आता उचल."

पेटी निघाली. चर्चच्या वळणावर, चिंचेखाली आलो आणि लुमिंगच्या खिशात फोन वाजायला लागला, एकामागून एक. तिनं काढून बघितलं. अकरा निरोप, सगळे मॅडमचे. रात्रीच्या विमानात आहेस ना. का-हो रडतोय. पोपो जेवत नाही. कुठे आहेस. किती वेळ लागेल.

नानांग पेटीमागून चालत होती. मागे वळूनही न बघता तिनं विचारलं, "काय म्हणते ती बाई?"

"विचारतेय, किती वेळ लागेल."

"लिही, दोन तास."

लुमिंगनं तेवढंच लिहिलं आणि पाठवलं. मग फोन बंद केला, पिशवी माझ्या हातात दिली आणि पुढे जाऊन आर्सेनियोच्या शेजारी बापाच्या पेटीखाली खांदा घातला. बाई खांदा देते हे कुणी पाहिलं नव्हतं, पण कापितान देमेत्रिओनं एकाला बाजूला घेऊन तिला जागा करून दिली. मातीनंतर आमच्यात नऊ दिवस प्रार्थना असते. तिनं ते नऊही दिवस पुरे केले, आणि तोवर तो फोन बंदच होता.